‘भत्ता’, ‘लाभार्थी’ आणि विद्यार्थ्याचे अन्न

शासकीय योजनांचे मसुदे हे वाङ्मय नव्हे, म्हणून टीकाकाराने त्यांकडे वळू नये, अशी एक समजूत आहे. परंतु ज्या शब्दांवर विद्यार्थ्याचे दोन वेळचे जेवण अवलंबून असते, त्यांची चिकित्सा काव्यपंक्तीइतक्याच काळजीने व्हावयास हवी. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेच्या परिभाषेचा विचार करावयाचा आहे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. तीत भोजन, निवास व निर्वाह असे तीन भत्ते आहेत. मूळ निर्णयानुसार मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी भोजनभत्ता वर्षाला ३२,००० रुपये होता. ‘भत्ता’ या शब्दाचा संबंध काही कोशकार कन्नड ‘भत्त’, म्हणजे साळ, याच्याशी जोडतात. ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. तथापि ती उद्बोधक आहे. वसतिगृहात ताट वाढले जाते, भत्त्यात रक्कम जमा होते. रक्कम मागाहून आली तर चालते, ताटाचे तसे नाही. खाणावळीचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात.

दुसरा शब्द ‘लाभार्थी’. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या इंग्रजी पाठात प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्ती दरमहा पाच किलो धान्यास ‘एंटायटल्ड’, म्हणजे हक्कदार, आहे. आपल्या कचेरीच्या मराठीत तीच व्यक्ती ‘लाभार्थी’ होते. विद्यार्थी म्हणजे विद्येची इच्छा करणारा. त्याच न्यायाने लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा. हक्काला इच्छेचे रूप दिले, की नकाराचे कारण सांगण्याची जबाबदारी सैल होते. ‘स्वाधार’ हे नावही असेच आहे: आधार शासनाचा, ‘स्व’ मात्र विद्यार्थ्याचा.

शब्दांनी पोट भरत नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु ‘माधुकरी’ आणि ‘वार लावून जेवणे’ या जुन्या शब्दांत अन्न कोणाच्या दारचे, हे तरी स्पष्ट होते. त्या दारोदारच्या अवलंबनाला पर्याय म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला. त्या नगरीत बसून एवढेच सुचवावेसे वाटते, की योजनेच्या मसुद्यात ‘लाभार्थी’च्या जागी ‘हक्कदार’ यावा, आणि भोजनभत्त्यापुढे रकमेबरोबर महिन्याची तारीखही लिहिली जावी. तारखेवाचून अन्नाचे वचन अपुरे वाक्यच राहते.