रसिक आणि चाहता : चाहते-अभ्यासाच्या मराठी मांडणीसंबंधी काही विचार

प्रस्तावना

पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात नाट्यपदाला दाद देणारा प्रेक्षक ‘रसिक’ म्हणून गौरवला जातो. याच तालुक्यात सलमान खान यांचे फार्महाऊस आहे. त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्याला मात्र आपण ‘चाहता’ किंवा ‘फॅन’ म्हणतो. दोन्ही शब्द प्रेमाचेच, परंतु त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. हा भेद कलेच्या स्वरूपातून येतो की प्रेक्षकाच्या सामाजिक स्थानातून, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाहते-अभ्यासाच्या दोन भूमिका

१९९२ हे वर्ष या अभ्यासशाखेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘टेक्श्चुअल पोचर्स’ या ग्रंथात हेन्री जेन्किन्स यांनी दूरचित्रवाणी मालिकांचा चाहता हा निष्क्रिय ग्राहक नसून मूळ संहितेतून नव्या कथा व गीते घडवणारा सर्जक वाचक आहे, असे प्रतिपादन केले. मिशेल द सर्तो यांच्याकडून त्यांनी ‘चोरट्या शिकारी’चे रूपक घेतले. संहितेचे रान दुसऱ्याच्या मालकीचे आणि वाचक सत्ताहीन, हे या रूपकातील गृहीत आहे. त्याच वर्षी लिसा लुईस यांनी संपादित केलेल्या संग्रहात जोली जेन्सन यांनी वेगळा मुद्दा मांडला : अभिजात कलेचा दर्दी आणि लोकप्रिय कलेचा चाहता यांची आसक्ती एकाच जातीची असते, एकीला अभिरुची व दुसरीला विकृती ठरवतो तो समाज. भारतात एस. व्ही. श्रीनिवास यांच्या ‘मेगास्टार’ (२००९) या ग्रंथाने चिरंजीवी यांच्या चाहत्यांच्या संघटनांचा विचार तेलुगू राजकारणाच्या संदर्भात केला. मराठीत या भूमिका पारखून घेण्यासाठी संगीत रंगभूमीइतके समर्पक क्षेत्र क्वचितच आढळेल.

बालगंधर्वांचे प्रेक्षक

नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांतील वेशभूषा, केशरचना व वावरण्याची ढब यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. ‘वन्समोअर’च्या आग्रहामुळे पदे पुनःपुन्हा गायली जात आणि प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. म्हणजे प्रयोगाची लांबी व घाट ठरवण्यात प्रेक्षकाचा प्रत्यक्ष वाटा होता. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व व केशवराव भोसले एकत्र आले. या प्रयोगाची असाधारण उत्सुकता समजून घ्यायची, तर दोन्ही नटांच्या चाहत्यांतील चुरस लक्षात घ्यावी लागते. अनुकरण, सहभाग आणि गटनिष्ठा ही चाहतेसंस्कृतीची तिन्ही लक्षणे येथे आढळतात. तरीही या प्रेक्षकाला कोणी ‘फॅन’ म्हटले नाही.

रसिक कलेवर प्रेम करतो आणि चाहता व्यक्तीवर, असा आक्षेप येथे घेतला जाईल. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटाचा अनुभव या आक्षेपाला पुरेसा वाव देत नाही. त्यात बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत होते. गळा तोच होता; परंतु पुरुषवेषातील बालगंधर्व प्रेक्षकांच्या मनात रुजले नाहीत. चित्रपट हे माध्यम निराळे होते, हे मान्य केले तरी प्रेक्षकाची आसक्ती केवळ स्वरापुरती नव्हती, एका विशिष्ट प्रतिमेशी ती जडलेली होती, असेच म्हणावे लागते.

जेन्किन्स यांचे रूपक मात्र येथे अपुरे पडते. मराठी नटाने प्रेक्षकाला ‘मायबाप’ म्हटले. हा प्रेक्षक दुसऱ्याच्या रानात शिरलेला शिकारी नव्हता. स्वतःला घरचा वडीलधारा मानणारा होता. त्यातील मोठा वर्ग सुशिक्षित व उच्चवर्णीय असल्यामुळे त्याच्या हट्टालाही सांस्कृतिक अधिकार लाभला.

‘वन्समोअर’ आणि दौलतजादा

हा अधिकार किती निर्णायक होता, हे तमाशाशी तुलना करता स्पष्ट होते. तमाशाच्या फडात प्रेक्षक दौलतजादा करून आवडती लावणी पुन्हा गाऊन घेतो. मागणी तीच : आवडलेले पुन्हा ऐकण्याची. परंतु नाट्यगृहातील मागणी रसिकता ठरली आणि फडातील मागणी हीन अभिरुची. दौलतजादेत पैशाच्या बळावर स्त्री-कलावंताशी होणारा व्यवहार विषम असतो, हे विसरून चालणार नाही; त्याची चिकित्सा झालीच पाहिजे. परंतु ती चिकित्सा आणि फडातील प्रेक्षकाच्या जाणकारीचा सरसकट अव्हेर या भिन्न गोष्टी आहेत. लावणीची चाल, अदा व ढोलकीचा तोडा ओळखून दाद देणारा श्रमिक प्रेक्षकही जाणकारच असतो.

निष्कर्ष

जेन्सन यांच्या प्रतिपादनाला मराठी भाषा स्वतःचा पुरावा पुरवते : ‘रसिक’ आणि ‘चाहता’ हे आस्वादाचे दोन प्रकार नसून बहुतांशी प्रतिष्ठेच्या दोन पायऱ्या आहेत. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ज्याला रसिक म्हटले गेले, त्याच्या आठवणी चरित्रांत व नाट्येतिहासात नोंदल्या गेल्या; फडातील प्रेक्षक त्या मानाने अनामच राहिला. म्हणून मराठीतील चाहते-अभ्यासाने पाश्चात्त्य संज्ञांचे नुसते भाषांतर न करता ‘रसिक’ या शब्दाच्याच चिकित्सेपासून आरंभ करावा आणि तमाशाचा प्रेक्षक, कोकणातील शक्ती-तुऱ्याचे पाठीराखे, चित्रपटनटाच्या वाढदिवसाला फलक लावणारे तरुण यांच्या आस्वादाची नोंद तितक्याच आदराने करावी. फलक लावणाऱ्या तरुणांपैकी अनेक जण आज आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या प्रेमाला वेड म्हणून हसण्यापूर्वी, बालगंधर्वांसाठी रात्र जागवणाऱ्यांना आपण कोणत्या नावाने ओळखतो, हे आठवणे उचित ठरेल.