पुस्तकातला चौकोन आणि वर्गातले बोलणे

बालभारतीचे पाठ्यपुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांवर एक काळा-पांढरा चौकोन दिसतो. मोबाइलमधल्या ‘दीक्षा’ या अ‍ॅपने तो टिपला की पाठाशी संबंधित दृक्‌श्राव्य साहित्य पडद्यावर येते. शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना हा क्यूआर कोड आता इतका सरावाचा झाला आहे की त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. आम्हाला मात्र वाटते की पुस्तकातल्या धड्याचे जसे परीक्षण होते, तसे या चौकोनाचेही व्हावे. त्याने वर्गात काय साधले आणि काय राहिले हे तपासले, तर त्याच्या मागोमाग येणारे टॅब, स्मार्ट फलक आदी साधनांबद्दलही आपल्याला नीट मत बनवता येईल.

प्रथम त्याचे तंत्र पाहू. क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो उद्योगसमूहात मासाहिरो हारा यांनी विकसित केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतल्या ठळक खुणांमुळे चौकोन कसाही फिरवून धरला तरी कॅमेऱ्याला तो ओळखता येतो. चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही त्यातच भरलेली असल्यामुळे थोडा भाग मळला वा फाटला तरी वाचन अडत नाही. शाळकरी पुस्तकाला याहून सोयीची खूण मिळणे कठीण. पण ही खूण म्हणजे पाकिटावरचा पत्ता. पत्ता अचूक असला म्हणून आतले पत्र वाचनीय असतेच असे नाही.

आपल्या पुस्तकांत ही खूण येण्याचे मोठे श्रेय सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जाते. पाठांना कविता, चित्रफिती, गोष्टी आणि गृहपाठ जोडण्यासाठी त्यांनी आपल्या शाळेत असे कोड वापरले. पुढे २०१७ मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत ते घेण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना वर्की फाउंडेशनचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे ठरवले.

त्यांच्या कामाची दुसरी बाजू त्या मानाने कमी चर्चिली गेली. एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून बोलते करणारा उपक्रम त्यांनी चालवला. दूरदूरच्या वर्गांना त्यांनी आभासी सहली घडवल्या आणि विज्ञानाचे प्रयोग दाखवले. त्यात मुले समोर येत, विचारत, सांगत. राज्यभर पसरली ती मात्र खूण. एका कल्पक शिक्षकाच्या कामातला छापता येण्याजोगा भाग तेवढा छापला गेला आणि बोलण्याचा भाग मागे राहिला. आमची तक्रार येथे सुरू होते. ती डिसले यांच्याविरुद्ध नाही. एका शाळेतले काम हजारो शाळांत नेताना आपण त्यातले काय उचलतो, याविषयी ती आहे.

याची कसोटी सोपी आहे. साधन सुरू असताना वर्गात कोण कोणाशी बोलते, एवढेच पाहावे. कोड टिपला की बहुधा एक मूल एका पडद्याकडे पाहते, आणि तेही घरातला मोबाइल मोकळा असेल तेव्हा. वर्गात तोच पाठ प्रक्षेपकावर लावला तर चाळीस मुले एका भिंतीकडे पाहतात. दोन्ही वेळी शेजारच्या मुलाला काय वाटते हे विचारण्याचे कारण पडत नाही. खरे तर पाठ्यपुस्तकात ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी असतात. त्या मुलांना बोलायला आणि हात चालवायला सांगतात. बेदाणे साध्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकून पाहण्याऐवजी कोणीतरी तसे केल्याची चित्रफीत दाखवली, तर चौकोनाने चौकटीचे काम हिरावून घेतले असे म्हणावे लागेल. हृदयाच्या झडपांची उघडझाप किंवा ज्वालामुखीचा उद्रेक यांची गोष्ट वेगळी. जे वर्गात आणताच येत नाही त्यासाठी चित्रफितीसारखे साधन नाही.

यावर कोणी म्हणेल की शास्त्रज्ञांनी मतापेक्षा पुरावा द्यावा. तो आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१५ च्या अहवालात नोंदवले की ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर मोठा खर्च केला, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित आणि विज्ञानातील कामगिरीत ठळक सुधारणा दिसली नाही. उलट बाजूचाही पुरावा आहे. २००२ ते २००४ दरम्यान वडोदऱ्याच्या महानगरपालिका शाळांत चौथीची मुले आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळली. एका संगणकावर दोन मुले बसत आणि खेळ त्यांच्या पातळीप्रमाणे सोपे-अवघड होत. त्यांची गणितातली प्रगती लक्षणीय होती, मात्र वर्षभराने तिच्यातला बराच भाग ओसरला. म्हणजे यंत्राचा उपयोग होऊ शकतो. तो कशासाठी आणि कसा करून घ्यायचा हे ठरवावे लागते, आणि एकदा करून भागत नाही.

मुलांच्या परस्पर चर्चेवर याहून नेमके काम झाले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी एक पद्धत सुरू केली. संकल्पनेवर आधारलेला बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. उत्तरे नोंदवण्यासाठी पुढे विजेवर चालणारे छोटे कळयंत्र आले आणि महाविद्यालयांनी त्यावर बराच खर्च केला. नॅथानिएल लास्री यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका वर्गाला ही यंत्रे दिली आणि दुसऱ्याला अक्षरे लिहिलेली साधी कार्डे. शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २००९ साली कोलोराडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गात तर असे दिसले की गटातल्या कोणालाच आधी बरोबर उत्तर येत नसले, तरी चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न अधिक विद्यार्थ्यांना सुटला. हुशार मुलाचे उत्तर इतरांनी उचलले, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. बोलताना विचार घडतो असेच म्हणावे लागते.

आता हे आपल्या गावात आणून पाहू. देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातले नगरपरिषदेचे गाव. प्रवरेच्या कालव्यांचा हा पट्टा, उसाचे शिवार, आणि तालुक्यातच महात्मा फुले कृषी विद्यापीठ. कालव्याच्या पाण्याने समृद्धी आणली, तशा काही जमिनी क्षारपडही झाल्या. परासरण शिकवताना येथल्या आठवीच्या वर्गाला असा प्रश्न देता येईल : क्षारपड जमिनीत ओल असूनही रोप कोमेजते, ते का? (क) क्षारांनी मुळांची छिद्रे बुजतात. (ख) मातीतले पाणी मुळांच्या पेशींतल्या द्रवापेक्षा अधिक खारट झाल्याने मुळांना ते ओढून घेता येत नाही. (ग) क्षार सगळे पाणी पिऊन टाकतात आणि माती कोरडी पडते. (घ) क्षार झाडात शिरून पाने करपवतात.

परासरणाच्या दृष्टीने उत्तर (ख). पण एखादी शेतकऱ्याची मुलगी (घ) साठी भांडेल, कारण करपलेल्या कडांची पाने तिने पाहिलेली असतील. तीही चुकीची नाही. पिकात साठत गेलेले सोडियम आणि क्लोराइड पानांना अपाय करतातच. दुसरा कोणी म्हणेल की पाणी साचले की मुळांना हवाच मिळत नाही, आणि तेही खरे. मग शिक्षकांना विचारता येईल, यातले कोमेजणे आधी कशाने, करपणे नंतर कशाने, आणि हे वेगळे कसे ओळखावे? ही चर्चा कोणत्याही तयार चित्रफितीत सापडणार नाही. तिच्यासाठी जुन्या पुठ्ठ्याची चार-चार कार्डे पुरतात. मात्र कार्डे छातीशी धरून सर्वांनी एकदम उचलावीत, नाहीतर हुशार मुलाकडे पाहून हात वर होतात.

यंत्र हवेच असेल तर तेही आहे. ‘प्लिकर्स’ नावाच्या योजनेत प्रत्येक मुलाकडे एक छापील काळा-पांढरा चौकोन असतो. तो ज्या बाजूने उभा धरावा तसे उत्तर बदलते. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याला उत्तर सहज कळत नाही. शिक्षकांचा एकच मोबाइल सगळ्या वर्गाची उत्तरे टिपतो. लाजाळू मुलालाही येथे मत देता येते आणि कोणती चुकीची समजूत किती जणांची आहे, ते शिक्षकांना क्षणात दिसते. पुस्तकातल्या कोडसारखाच हाही चौकोन, पण तो मुलाच्या हातात आला आणि उत्तर तिकडून इकडे येऊ लागले.

लोकवर्गणी जमवून ‘डिजिटल खोली’ उभारण्याचा उत्साह आम्ही अनेक गावांत पाहतो. गावाची ती आपुलकी आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण वर्गणी मागण्यापूर्वी शाळेने एका कागदावर लिहावे : या साधनामुळे तासाला किती मुले बोलतील, कोणाशी, कशाविषयी? उत्तर लिहिता आले तर साधन जरूर घ्यावे. लिहिता आले नाही, तर आधी पुठ्ठ्याची कार्डे कापून महिनाभर वापरावीत. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांना प्रश्न तयार करण्यात मदत करावी. चार पर्यायांत तीन पटण्याजोगी चुकीची उत्तरे लिहिणे हा विज्ञानाचा उत्तम अभ्यास आहे, आणि तो एकट्याने होत नाही.