नावे ठेवण्याचा अधिकार

'आयनॅचरलिस्ट' हा इंटरनेटवरील जीवसृष्टीचा नोंदसंग्रह २००८ साली अमेरिकेतील बर्कली येथे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मास आला. माझा त्याच्याशी परिचय मात्र अलीकडचा. झाडाचे वा पाखराचे छायाचित्र, ठिकाण व दिनांक द्यावा. मग जगातील कोणीही जाणकार त्याचे नाव सुचवितो. मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाले, की नोंद संशोधनयोग्य ठरते. पदवीपेक्षा निरीक्षणाला दिलेला हा मान मला भावला. संकटग्रस्त प्राण्यांचे नेमके ठिकाण झाकण्याची दक्षताही ताडोब्याच्या शेजाऱ्यांना पटावी.

अडचण सुरू होते ती टॅगपाशी. शास्त्रीय नावांची उतरंड पक्की आहे. टॅग म्हणजे नोंद करणाऱ्याच्या मर्जीचे शब्द. मोह, मोहा, मव्हा ही एकाच झाडाची नावे. एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. आपला तेंदू पश्चिम महाराष्ट्रात टेंभुर्णी होतो. लॅटिन नाव या साऱ्यांना एकत्र आणते खरे (सेमिनरीत घोकलेली लॅटिन अशी कामी येईल, असे वाटले नव्हते!), पण मोहफूल कोण वेचते, टोळांचे तेल कोण काढते, हे त्या नावात मावत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. बांबूचेच पाहा. या संग्रहात तो गवताच्या कुळात बसतो, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते योग्यच आहे. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना वृक्षांत केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यास गौण वनोपज म्हटले व त्यावर वनवासी कुटुंबांची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती पडण्यास २०११ चा एप्रिल उजाडावा लागला. २०१७ साली वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. वनातील बांबू मात्र वनोपज राहिलाच. वनस्पती एक, चिठ्ठ्या तीन. आणि कोयता कोणी चालवावा, हे चिठ्ठी ठरविते.

म्हणून स्थानिक नावे भाषावार नोंदविण्याची जी सोय येथे आहे, ती मला टॅगांहून मोलाची वाटते. गोंडी व माडिया नावे तेथे यावीत, तीही वेचणाऱ्यांच्या तोंडून. उपयोगाच्या नोंदीसाठी वेगळे रकाने आहेत. पण ते कोणालाही निर्माण करता येतात, त्यामुळे टॅगांचाच गोंधळ पुन्हा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवह्यांतील रकाने संग्रहाच्या चालकांनी एकदा पाहावेत.