शौर्यगाथेत न मावलेला शिपाई

दलित साहित्यात शिपाई पुष्कळ आहे; पण तो नेहमी उभाच असतो. कोरेगावच्या स्तंभाखाली उभा, छातीवर बिल्ले लावून तसबिरीत उभा, जयंतीच्या पोवाड्यात तलवार उपसून उभा. हा शिपाई जेवायला कोठे बसला, त्याच्या वाट्याला पाणी किती आले, पहारा सुटल्यावर त्याला झोप लागली का, हे आपण सहसा विचारलेले नाही. हा नुसता विसर आहे असे मला वाटत नाही. आपल्या भाषेला लागलेली ती एक जुनी सवय आहे. ती भाषा अर्जाची आहे.

१८९०च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. 'लढवय्या जाती' ठरवणाऱ्या या धोरणाविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा लिहिला. भरती हवी तर आमचे आजे-पणजे कसे लढले हे सरकारला सांगणे भाग होते. अर्जात तहान लिहून चालत नाही. तेथे पराक्रमच लिहावा लागतो. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. अर्ज मंजूर झाला, पण अर्जाची भाषा आपण सोडली नाही. मालकाला पटवण्यासाठी जे बोललो, तेच आज आपल्याच माणसांना ऐकवतो आहोत.

वाळवंटातल्या युद्धाचे एक उदाहरण घेऊ. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात इराकमध्ये तैग्रिस नदीकाठच्या कूत गावी जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तीत होत्या. रसद संपत आली तेव्हा घोडे कापले गेले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी धर्मासाठी ते मांस नाकारले आणि हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही त्यांच्यात पसरला. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची परवानगी मागवावी लागली. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलले गेले. कैदेत हजारो मेले.

लष्करी इतिहासात हा प्रसंग सहनशीलतेची कथा म्हणून येतो. आपण तो वेगळा वाचला पाहिजे. अशा फौजांबरोबर भिस्ती, साईस, डोलीवाले, झाडूवाले असत. यांतली कितीतरी कामे जातीने ठरलेली. मैला उचलणे तर अस्पृश्यांच्याच वाट्याला. मेलेले ढोर ओढायला लावून, त्याचे मांस खातात म्हणून ज्यांना विटाळाचे ठरवले, त्यांच्यापुढे घोड्याचे मांस आले असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आले? त्यांच्यासाठी कोणी परवानगी मागवली का? पखालीतले पाणी आधी कोणाच्या ओंजळीत पडले? पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून भरती झालेल्या सुमारे १४ लाखांपैकी ५ लाख ६३ हजार माणसे अशी बिनलढाऊ होती. पगार, कपडा, पेन्शन यांत ती शिपायाच्या खालची. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, म्हणून त्यांचा पोवाडा नाही. केवळ शौर्याची कसोटी लावणारा आपला कवी येथे नकळत 'लढवय्या जातीं'चे ते इंग्रजी धोरणच पुढे चालवतो.

आता दुसऱ्या टोकाचे पुस्तक पाहा. अँथनी स्वॉफर्ड हा अमेरिकन मरीन दलातला शिपाई १९९१च्या आखाती युद्धात होता. त्याच्या 'जारहेड' (२००३) या आठवणींत वाळवंटात महिनोन्‌महिने वाट पाहणे आहे, बंदुकीतली वाळू काढणे आहे, हुकमाने पाणी पिणे आहे, घरच्या पत्रांचा घोर आहे. नेमबाज म्हणून घडवलेल्या या माणसाने युद्धात एकही माणूस मारला नाही. तरी पुस्तक उभे राहते. कोणी म्हणेल, त्या गोऱ्या शिपायाला आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचे नव्हते, आपल्याला ते करावे लागले. हे मला मान्य आहे. पण ते किती पिढ्या करायचे?

आणि अर्ज न करता बोलणे आपल्याला नवे नाही. उदगीरकडच्या प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मध्ये पोरका मुलगा आहे, त्याची भूक आहे, शिक्षणासाठीची वणवण आहे. पराक्रमाचा दावा नाही. गावकुसाबाहेरच्या भुकेसाठी आत्मकथनांनी जी नजर कमावली, ती छावणीपर्यंत मात्र क्वचितच पोचली. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथल्या लेखकाला मोजून मिळालेल्या पाण्याचे मोल कोणी शिकवायला नको.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. आमच्याकडे चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे आणि मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. माझ्या वर्गातली मुले पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावतात आणि दहाच्या तासाला पेंगतात. २०२२ पासून लष्करात अग्निवीर चार वर्षांसाठी घेतला जातो. जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. बाकीचे गावी परततात. त्यांच्या हाती आपण कोणती भाषा दिली? २०१७ साली सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने करपलेल्या पोळ्या आणि पाण्यासारखी डाळ चित्रफितीत दाखवली, तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि त्याची नोकरी गेली. शौर्य सांगणाऱ्याला बिल्ला मिळतो. डाळ सांगणाऱ्याला घरी पाठवतात. विद्रोह कशात आहे, हे यावरून ओळखावे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जैसलमेर-बाडमेरकडून रजेवर आलेल्या पोराला किती शत्रू मारलेस असे विचारू नका. पाणी किती मिळत होते, ते कोण वाढत होते, पंगतीला शेजारी कोण बसत होते आणि आडनाव कळल्यावरही बसत होते का, हे विचारा. आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.