अर्थवाद आणि भूतार्थ : ‘माझा प्रवास’च्या दोन पाठांविषयी

मीमांसक वेदवाक्यांत विधि आणि अर्थवाद असा भेद करितात. विधि कर्तव्य सांगतो. अर्थवाद स्तुती वा निंदा करून मन त्या कर्तव्याकडे वळवितो. अर्थवाद निरर्थक नव्हे. तथापि तो प्रत्यक्षाच्या विरुद्ध गेल्यास अक्षरशः खरा मानावयाचा नसतो. सन १८५७ च्या उठावासंबंधीचे मराठी ग्रंथ तपासताना हा विवेक आम्हांस फार उपयोगी वाटतो.

वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले. ती हकीकत त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिली. चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ साली छापिली. मात्र छापताना भाषा बदलली व काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखित १९२२ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ पाठ प्रसिद्ध केला. म्हणजे एकोणसाठ वर्षे वाचकांस संपादकाने निवडलेले तेवढेच सत्य उपलब्ध होते. वैद्यांच्या आग्रहावाचून हा ग्रंथ लिहिलाच गेला नसता, हे त्यांचे ऋण मान्य करूनही ही काटछाट आम्हांस समर्थनीय वाटत नाही.

दुसरे उदाहरण विनायक दामोदर सावरकर यांच्या १९०९ सालच्या ग्रंथाचे. लोकांस चेतविणे हा त्याचा हेतू उघड आहे व ग्रंथकाराने तो लपविलेला नाही. असा अर्थवाद वाचक अर्थवाद म्हणूनच वाचू शकतो. परंतु सरकारने ग्रंथ प्रकाशनापूर्वीच निषिद्ध केला. बंदी उठली ती १९४६ साली. चोरून वाचलेल्या ग्रंथाची पूजा होते, परीक्षा होत नाही. अस्सल कागदांशी तो उघडपणे ताडून पाहण्याची संधी त्या बंदीने हिरावून घेतली.

कोणी म्हणतील, गोडसे भटजींची भीती, उपासमार, लुबाडणूक व बाजारगप्पा वगळून राणीचे शौर्य तेवढे ठेविल्यास लोकजागृती अधिक होईल. आमचे मत याच्या उलट आहे. गोऱ्या फौजेने झाशीत केलेली कत्तल भटजी सांगतात, तेव्हा आपण विश्वास ठेवितो. कारण हा मनुष्य स्वतःचे भय झाकीत नाही. साक्षीदाराचा दुबळेपणा पुसून टाकला, की त्याची साक्षही दुबळी होते. ऐकीव वार्ता कोणती आणि डोळ्यांदेखतची कोणती, हे ठरविण्यासही तो संपूर्ण मजकूर लागतो.

म्हणून दप्तरे बाळगणाऱ्या सज्जनांस आमची विनंती एवढीच, की कागद जसा असेल तसा छापावा. लोकांस उठवावयाचे असेल तर प्रस्तावना आपलीच आहे. तीत आपल्या नावाने खुशाल आवाहन करावे. मूळ लेखकाच्या तोंडी ते घालू नये.