लुबिच यांच्या हास्याचा अपराध

दुःखाच्या विषयास हास्याचा स्पर्श झाला की त्याचे गांभीर्य लोपते, असा समज टीकाकारांत रूढ आहे. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांना १९४२ साली या समजाची चांगलीच झळ लागली.

लुबिच मूळचे बर्लिनचे. १८९२ साली एका ज्यू शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. माक्स राइनहार्ट यांच्या नाटकमंडळीत किरकोळ भूमिका करता करता ते चित्रपटांकडे वळले आणि १९२२ साली मेरी पिकफर्ड यांच्या बोलावण्यावरून हॉलिवूडला गेले. दाखविण्यापेक्षा सुचविण्यावर त्यांची भिस्त असे. दार मिटावे आणि आतली कथा प्रेक्षकाने रचावी, ही त्यांची रीत. १९३५ साली नाझी राजवटीने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले.

‘टू बी ऑर नॉट टू बी’ या १९४२ च्या चित्रपटात वॉर्सातील नट नाझींची सोंगे घेऊन गेस्टापोला फसवितात. प्रत्यक्षातले वॉर्सा तेव्हा टाचेखाली रगडले जात होते. साहजिकच अनेकांना हा विनोद निर्दय वाटला. आपले नाझी चाबूक उगारताना दिसत नाहीत, कारण छळ हा त्यांचा नित्याचा व्यवहार होऊन बसला आहे, असे लुबिच यांनी उत्तर दिले.

आमच्या मते चित्रपटाचे मर्म या उत्तरातच आहे. आमचे आयुष्य सरकारी कचेरीत चालले आहे. म्हणून कर्नल एऱ्हार्ट आम्हांस ओळखीचा वाटतो. वरिष्ठांच्या धाकाने थरथरणारा हा अधिकारी प्रत्येक चूक हाताखालच्या शुल्त्सवर ढकलतो. अशा भित्र्या माणसाच्या सहीवर लोकांचे प्राण अवलंबून आहेत, हे ध्यानात येताच आमचे हसू ओठांवरच गोठले. राक्षस रंगविला असता तर आम्ही निर्धास्त राहिलो असतो.

एका जागी मात्र आम्हीही अडखळतो. नायकाने शेक्सपिअरची जी गत केली तीच आम्ही पोलंडची करीत आहोत, असे एऱ्हार्ट म्हणतो. तेथे विनोद जखमेच्या फार जवळ जातो. परंतु भालदाराचे काम करणारा ग्रीनबर्ग आठवावा. शायलॉक साकारण्याचे त्याचे जन्माचे स्वप्न अखेर सशस्त्र नाझींच्या गराड्यात पुरे होते. तेथे कोणी हसत नाही, आणि हसावे अशी लुबिच यांचीही अपेक्षा नाही.

१९४७ साली लुबिच वारले. त्यांचे हास्य दुःखाला नव्हे, सत्तेला होते. एवढा भेद टीकाकारांनी ओळखला असता, तर पुष्कळ शाई वाचली असती.