कुलूप उघडले, पण धडा?

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्यात खोचायची ‘कॅसेट’ नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना आठवत असेल. आपल्याकडची ती स्वस्त यंत्रे बहुधा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ (1983) या यंत्राच्या नकला असत. कॅसेट मूळ कंपनीची आहे की नाही, हे ती तपासत नसत. 1985 मध्ये या यंत्राची ‘एनईएस’ ही आवृत्ती अमेरिकेत आली, तेव्हा मात्र निन्टेन्डोने तिला कुलूप घातले. परवाना घेणाऱ्याला वर्षाला पाचच खेळ काढता येत आणि कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत.

हे कुलूप कसे चाले? दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. दोघांना एकच गुप्त आकडेमाला पाठ आहे आणि टाळीच्या तालावर दोघेही ती म्हणत आहेत. पहिल्याला दुसऱ्याचा आकडा वेगळा ऐकू आला, की तो ओरडून खेळ थांबवतो. यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तशीच दुसरी, अशी ही जोडी होती. आकडे जुळले नाहीत तर यंत्रातली चिप मुख्य प्रोसेसरला पुन्हापुन्हा सुरुवातीला नेई आणि पडदा नुसता लुकलुकत राही.

कॅलिफोर्नियातल्या ‘कलर ड्रीम्स’ या छोट्या कंपनीने गुप्त माला शोधलीच नाही. तिच्या कॅसेटमधून विद्युतदाबाचा क्षणिक झटका यंत्रातल्या चिपला बसे, ती गोंधळून थांबे आणि ओरडणाराच गप्प झाल्याने खेळ सुरू होई. ‘टेन्जेन’ या दुसऱ्या कंपनीने कॉपीराइट कार्यालयाला खोटे कारण सांगून त्या चिपची आज्ञावली मिळवली होती. 1992 मध्ये न्यायालयाचा निर्णय तिच्या विरोधात गेला. कलर ड्रीम्सची युक्ती मात्र हाताने प्रयोग करून सापडलेली होती आणि तेवढ्यापुरते आम्हांला तिचे कौतुक वाटते.

परवाना नसलेला माल नेहमीचे दुकानदार निन्टेन्डोच्या धाकाने ठेवीनात. म्हणून याच मंडळींनी ‘विस्डम ट्री’ या नावाने बायबलवरचे खेळ काढून ते ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत ठेवले. त्यांतला पहिला ‘बायबल ॲडव्हेंचर्स’ (1991). त्यात तीन कथा आहेत: नोआची नौका, बाळ मोझेस आणि डेव्हिड-गोलायथ. मुलांना खेळता खेळता बायबल कळावे, हा विक्रीचा मुद्दा. शिक्षकांनी हा खेळ तपासावा तो याच मुद्द्यावर.

नोआच्या कथेत प्राणी डोक्यावर उचलून नौकेत न्यायचे असतात. ही उचलाफेक ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ या खेळातल्या भाजी उपटून फेकण्यासारखीच आहे. तरी इथे ती बरी शोभते, कारण प्राणी गोळा करणे हीच मूळ कथा आहे. मोझेसच्या कथेत मात्र अडचण उघडी पडते. सैनिकांपासून वाचवायचे ते बाळही उचलून फेकता येते आणि त्याला काही होत नाही! बाळाला मागे ठेवून टप्पा संपवला, तर आपण त्याला विसरलो असे खेळ सांगतो, एवढेच. आज्ञावलीच्या लेखी बाळ आणि मेंढी सारखेच. वाटेत बायबलमधली वचने कोरलेल्या पाट्या मिळतात आणि त्या घेतल्या की शक्ती वाढते. मुलाला शक्ती हवी असते. वचन न वाचताही ती मिळते.

दोष विषयाचा नाही. झटक्याची युक्ती शोधताना चिप नेमके काय करते, हे या मंडळींनी बारकाईने पाहिले. खेळ रचताना मूल नेमके काय करते, हे तितक्या बारकाईने पाहिले नाही. हीच चूक आम्हीही केली आहे. बरोबर उत्तराचा फुगा फोडण्याचा खेळ आम्ही विज्ञानासाठी बनवला होता. मुले नेम धरायला शिकली.

म्हणून ‘शैक्षणिक’ खेळ वर्गात आणण्यापूर्वी एक प्रयोग करावा. त्यातली माहिती मनातल्या मनात काढून टाका आणि तिथे रिकामी चौकट ठेवा. मुलाला तरीही तसेच खेळता आले आणि तसेच जिंकता आले, तर धडा त्या खेळात नाही, वेष्टनावर आहे.